जर्मन व्याह्यांची वंशावळ शोधताना : कशाला पैसे द्यावेत, कशाला नाही

लेकीचं सासर पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतलं, आडनाव स्नायडर. "आमचे लोक अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या आधी जर्मनीतून आले," यापलीकडे व्याह्यांनाही फारसं काही ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर हाताशी वेळ होता, म्हणून दिवाळीनंतर मी हे काम अंगावर घेतलं. मोफत साइट, सशुल्क साइट, जहाजांच्या याद्या, डीएनए किट, सगळं वापरून झालं. तुमच्यापैकी कुणी सुनेची, जावयाची किंवा नातवंडांची ही बाजू शोधायला बसणार असेल, तर पाकिटाला हात घालण्याआधी हे वाचा.

सगळ्यात महाग पडलं ते सगळ्यात कमी उपयोगाचं ठरलं. मोठ्या जाहिराती करणाऱ्या एका साइटचं वर्षाचं सदस्यत्व घेतलं. नाव टाकलं आणि पंधरा मिनिटांत सतराव्या शतकातल्या तीस वर्षीय युद्धापर्यंत पोचलेलं झाड तयार! विहीणबाई हरखल्या. मग मी तारखा लावून पाहिल्या. मूळ पुरुषाचा जन्म तीन झाडांत तीन गावांत झालेला, आणि एका झाडात तर मुलगा आईपेक्षा दोन वर्षांनी मोठा. कुणीतरी कधीतरी अंदाज ठोकला आणि पुढच्या शेकडो लोकांनी तो बटण दाबून आपल्या झाडावर चिकटवला, असा हा प्रकार. शिवाय त्या काळच्या जर्मन घरात चारही भावांचं पहिलं नाव योहान असायचं. हाक मारायचं नाव दुसरं, म्हणजे गेओर्ग, पीटर, मिखाएल. संगणकाला हे कळत नाही. तो चार योहान एकत्र करून एकच माणूस बनवतो आणि त्याला तीन बायका देतो. त्या साइटवरची जनगणना आणि मृत्युपत्रं चांगली आहेत, पण लोकांनी लावलेली झाडं मी आता उघडतसुद्धा नाही.

फॅमिलीसर्च ही वंशावळीची साइट मोफत आहे आणि सुरुवात तिथूनच करावी. पुण्यात बसून चर्चच्या वह्या, जमिनीचे आणि वारसाचे कागद पाहता येतात. काही पानांवर कुलूप असतं. ती त्यांच्या केंद्रात किंवा त्यांच्याशी जोडलेल्या वाचनालयातच उघडतात. लेकीच्या गावचं वाचनालय त्यांच्याशी जोडलेलं निघालं, त्यामुळे ती पानं तिनं बघून दिली. एक सल्ला : नाव हातानं निरनिराळ्या तऱ्हेनं लिहून शोधा. पद्धत बरोबर आहे का, हे तपासायला मी आधी माहितीतला माणूस घेतला. राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचा पूर्वज १७३८ मध्ये आला तो आन्द्रेआस हूबर म्हणून. हूव्हर एवढंच टाकत बसलं तर तो सापडायचा नाही. आमच्याकडे श्नायडर, स्नायडर, स्नीडर, शिवाय एका भावानं सरळ टेलर लावलेलं, कारण श्नायडर म्हणजे शिंपी.

आता जहाजांच्या याद्या. मला सगळ्यात जास्त आनंद इथे मिळाला. १७२७ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या इंग्रज कारभाऱ्यांना जर्मनांच्या लोंढ्याची धास्ती वाटली आणि त्यांनी फर्मान काढलं, की फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या परदेशी पुरुषांनी ब्रिटनच्या राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करायची. पहिलं जहाज 'विल्यम अँड सेरा', सप्टेंबर १७२७. त्या याद्या जपल्या गेल्या आणि १९३४ मध्ये 'पेनसिल्व्हेनिया जर्मन पायोनियर्स' या तीन खंडांत छापल्या गेल्या. एकेका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या असतात. पहिली कप्तानाची, कानाला ऐकू आलं तसं इंग्रजी स्पेलिंग ठोकलेली. बाकीच्या दोन शपथेच्या, त्यांवर प्रवाशांच्या स्वतःच्या सह्या. दुसरा खंड तर सगळा सह्यांच्या छायाचित्रांचाच आहे आणि बरेच लोक तो उघडतच नाहीत.

आमच्या माणसासाठी १७४९ च्या हंगामातले तीन उमेदवार होते, तिघांचं नाव तेच. त्या वर्षी जहाजांची नुसती रीघ लागली होती. एकाची सही ऐटबाज, शेवटच्या अक्षराला वेलांटीसारखा फराटा. दुसऱ्याला लिहिता येत नव्हतं. कारकुनानं नाव लिहिलंय आणि नाव व आडनाव यांच्या मधोमध त्यानं स्वतः फुली मारलीय. तिसऱ्याची सही अडखळत, प्रत्येक अक्षर सुटं. बर्क्सच्या मृत्युपत्रावर फुली होती, म्हणून दुसरा धरावा असं कुणालाही वाटेल. पण मरणपंथाला लागलेला, हात थरथरणारा म्हातारा साक्षर असला तरी फुलीच मारतो. म्हणून मी त्याची तरुणपणची सही शोधली. ती एका शेजाऱ्याच्या दस्तावर साक्षीदार म्हणून मिळाली : अडखळणारी, सुटी अक्षरं. तिसरा!

या याद्यांची मर्यादा ओळखून राहा. शपथ सोळा वर्षांवरच्या पुरुषांचीच. बायका आणि मुलं बहुतेक याद्यांत नाहीतच, आणि जो आजारी असल्यामुळे शपथेला गेला नाही तोही कधी कधी गळतो. १७२७ च्या आधी आलेल्यांसाठी तर असं काहीच नाही. १६८३ मध्ये 'कॉन्कर्ड' जहाजानं येऊन जर्मनटाउन वसवणारी जर्मनीतल्या क्रेफेल्डची कुटुंबं, किंवा १७१० मध्ये लंडनमार्गे न्यूयॉर्कला नेलेले आणि हडसन नदीकाठी डांबर काढायच्या कामाला जुंपलेले जर्मनीतल्या पॅलेटिनेट भागाचे निर्वासित यांच्यासाठी वेगळी कागदपत्रं धुंडाळावी लागतात.

त्यात गावाचं नाव या याद्यांत जवळजवळ नसतंच. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला उपाध्यायांना गाव आणि आडनाव सांगितलं की वहीचं पान उघडतं. जर्मनीतही किल्ली गावाचीच. गाव कळल्याशिवाय जर्मन साइटला एक युरोही देऊ नका. आणि गाव कळण्याची सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे आपल्या माणसाचा पिच्छा सोडून त्याच्या गोतावळ्याच्या मागे लागणं. ही माणसं सहसा एकटी येत नसत. एकाच खोऱ्यातली घरं एका जहाजात चढायची, एकाच ओढ्याच्या काठी जमीन घ्यायची आणि एकमेकांच्या पोरांच्या बारशाला उभी राहायची.

त्यासाठी दोन मोफत साधनं सोन्यासारखी निघाली. हॅरिसबर्गच्या राज्य अभिलेखागारात पेनसिल्व्हेनियाच्या जमिनीचे मूळ कागद आहेत आणि त्यांच्या प्रती इंटरनेटवर पाहता येतात. मोजणीच्या नकाशावर शेताच्या चारी बाजूंना शेजाऱ्यांची नावं लिहिलेली असतात. मात्र बर्क्स काउंटी १७५२ मध्ये झाली. त्याआधी आमचा टल्पेहॉकनचा भाग लँकेस्टरमध्ये होता, म्हणून सुरुवातीचे कागद लँकेस्टरच्या नावाखाली शोधावे लागतात. दुसरं साधन म्हणजे लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. फिरते पाद्री योहान कास्पर श्टोफर यांनी १७३० पासून जवळपास पन्नास वर्षं गावोगावच्या बाप्तिस्म्यांच्या आणि लग्नांच्या नोंदी ठेवल्या. अशा नोंदींत मुलाच्या आईबापाशेजारी धर्ममायबापांची, म्हणजे बाप्तिस्म्याला मुलासाठी उभं राहणाऱ्यांची, नावं असतात. आमच्या घरातल्या पोरांना उभं राहिलेलं एक जोडपं दर वेळी तेच. नकाशावर ते पश्चिमेचे शेजारी, आणि जहाजाच्या यादीत त्या नवऱ्याची सही आमच्या तिसऱ्या उमेदवाराच्या लगेच खाली. त्या शेजाऱ्याचं आडनाव दुर्मीळ होतं. ते हायडेलबर्ग आणि हाइलब्रॉनच्या मधल्या क्राइखगाउ भागातल्या एका खेड्याकडे घेऊन गेलं.

मगच आर्किऑनचा पास काढला, तोही एका महिन्याचा. जर्मनीतल्या प्रोटेस्टंट चर्चच्या वह्यांचं हे पोर्टल २०१५ पासून सुरू आहे. (कॅथलिक घराणं असेल तर आधी मॅट्रिक्युला पाहा, ते मोफत आहे.) नाव टाकलं की उत्तर मिळालं, अशी अपेक्षा ठेवून जाऊ नये. गाव निवडायचं, वही निवडायची आणि पानं उलटायची. त्या वेळची जर्मन लिपी डोळ्यात बसायला वेळ लागतो : e आणि n सारखेच दिसतात, u वर छोटी कमान असते, आणि बायकांच्या आडनावाला शेवटी 'इन' लागतं, म्हणजे श्नायडरची श्नायडरिन. हस्ताक्षर वाचून देणारं एक सॉफ्टवेअरही वापरून पाहिलं. स्वच्छ पानावर ठीक, शाई फुटलेल्या पानावर त्याचा भरवसा नाही.

खेड्याच्या वहीत योहान... श्नायडरचा बाप्तिस्मा मिळाला आणि समासात, वेगळ्या शाईत, पाद्र्यानं नंतर लिहिलेली ओळ : पेनसिल्व्हेनियाला गेला, १७४९. शेजाऱ्याच्या नावापुढेही तशीच. तारखा लावताना एक लक्षात ठेवा. जर्मनीच्या प्रोटेस्टंट भागांनी नवं कॅलेंडर १७०० मध्येच घेतलं, इंग्रजांच्या वसाहतींनी १७५२ मध्ये. तोवर फिलाडेल्फियाची तारीख अकरा दिवस मागे. हा हिशेब धरला आणि मे महिन्यात गाव सोडून शरदात उतरणं बरोबर जुळलं. पुढच्याच वर्षी याच वाटेनं गेलेल्या गॉटलिब मिटेलबर्गरनं हाइलब्रॉनपासून हॉलंडपर्यंत छत्तीस जकात नाकी असल्याचं लिहून ठेवलंय. नुसत्या नदीप्रवासात आठवडेच्या आठवडे का जात, ते त्यावरून कळतं.

डीएनए किटबद्दल थोडक्यात. व्याह्यांनी लाळ पाठवली, रंगीत नकाशा आला, त्यावर जर्मनी रंगवलेली. त्या माहितीचा उपयोग शून्य. इतक्या पिढ्या मागच्या एका पूर्वजाचा वाटा अर्ध्या टक्क्याच्याही खाली जातो, कधी अजिबात उतरत नाही. फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी वायडीएनए चाचणी, तीही त्याच आडनावाचा दुसरा संभाव्य वंशज तयार असेल तरच करावी.

तर वर्षाचं सदस्यत्व मी पुढे चालू ठेवलेलं नाही. मोफत साइट आणि हॅरिसबर्गचे नकाशे रोजच्या वापरात आहेत. मूळ पुरुषाच्या बायकोचं माहेर अजून लागलेलं नाही. लग्न नवऱ्याच्या गावच्या वहीत नाही, म्हणजे ते बहुधा तिच्या गावी झालं असावं. लग्नाच्या नोंदीत नवरीच्या बापाचं नाव आणि गाव असतं. शेजारच्या चार गावांच्या वह्या आर्किऑनवर आहेत. पावसाळ्यात बाहेर पडणं कमी होतं, तेव्हा पुन्हा एक महिन्याचा पास काढणार आहे.