एपीआय फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किट: आमच्या बर्फीचा पाय परत येईपर्यंत

आधी निकाल सांगते. घरात ॲक्सोलोटल (पाण्यातच राहणारा, कल्लेवाला छोटा उभयचर प्राणी) असेल आणि टँकमधल्या सोबत्याने त्याला चावलं असेल, तर औषधाच्या दुकानात धावण्याआधी पाणी तपासायचं हे किट मागवा. आमच्या बर्फीला नवा पाय फुटला, तो तिचा तिनेच उगवला. पण तो उगवेपर्यंत ती ज्या पाण्यात होती ते तिला सोसणारं आहे की जाळणारं, हे मला रोज कळत होतं ते या बाटल्यांमुळे.

आम्ही नागपुरात प्रतापनगरला राहतो. लेकीने हौसेने दोन ॲक्सोलोटल आणले आणि पुढच्या शिक्षणाला ती पुण्याला गेली, तेव्हापासून ते माझेच झाले. बर्फी पांढरी-गुलाबी, सावजी काळपट आणि अंगाने तिच्यापेक्षा बराच मोठा. देणाऱ्या दुकानदाराने सांगितलं होतं की दोघं एकत्र मजेत राहतील. एप्रिलमध्ये एका संध्याकाळी खाऊ घालायला गेले तर बर्फीचा पुढचा उजवा पंजा नव्हताच. मनगटाच्या वर पांढरट लाल टोक, बस.

सावजीवर मी रागावले नाही. या प्राण्यांची नजर अधू असते. जवळ काही हललं की तोंड उघडून पाण्यासकट आत ओढायचं, एवढंच त्यांना येतं. समोर गांडूळ आहे की सोबत्याचा पाय, हे ते पाहत बसत नाहीत. लहान वयात आणि आकारात फरक असला की हे हमखास घडतं, कल्ले आणि पाय आधी जातात. आता दोघं कायमचे वेगळे राहतात, आणि मी कुणालाही तेच सांगेन.

सासूबाई जवळच उभ्या होत्या. "चिमूटभर हळद तरी लाव वो," म्हणाल्या. त्यांचा जीव तुटत होता, पण मी लावू दिली नाही. ॲक्सोलोटल उभयचर आहे, त्याच्या कातडीतून पाण्यातलं सगळं आत झिरपतं. आपली मलमं, जंतुनाशकं, हळद यातलं काहीही त्याच्या जखमेवर चालत नाही. त्याला हवं असतं थंड, स्वच्छ, क्लोरीन काढलेलं पाणी आणि अंधारा निवांत कोपरा. बर्फीला प्लास्टिकच्या स्वच्छ टबात हलवलं, तळाशी रेती-खडे काही नाही, वरून सुती कापड. पाणी रोज पूर्ण बदलायचं. आवारात बदामाचं झाड आहे, त्याचं गळून वाळलेलं एक पान उकळून टबात सोडलं. त्यातल्या टॅनिनमुळे, म्हणजे तुरट द्रव्यामुळे, बुरशीला आळा बसतो असा पाळणाऱ्यांचा अनुभव आहे.

आता किटकडे येते. डब्यात सात बाटल्या, काचेच्या चार नळ्या आणि रंगांचा तक्ता येतो. पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी), हाय रेंज पीएच (त्याचेच वरचे आकडे), अमोनिया (जनावराच्या विष्ठेतून पाण्यात येणारं विष), आणि त्यापासून पुढे बनणारे नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच चाचण्या होतात. नळीत ५ मिली पाणी घ्यायचं, थेंब मोजून टाकायचे, झाकण लावून हलवायचं आणि रंग तक्त्याशी जुळवायचा. अमोनियाला दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब आणि पाच मिनिटं थांबायचं. पिवळा राहिला तर शून्य, हिरव्याकडे झुकला तर अमोनिया आहे. नायट्राइटला ५ थेंब, तिथे फिकट निळा म्हणजे शून्य आणि जांभळा म्हणजे धोका. जखमी जनावरासाठी या दोन नळ्या सगळ्यात महत्त्वाच्या. दोन्हीत शून्यच हवं.

नायट्रेटच्या चाचणीला मात्र हात दुखेपर्यंत मेहनत आहे. दुसरी बाटली वापरण्याआधी ३० सेकंद जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळी आणखी एक मिनिट हलवायची. बाटलीत घटक तळाशी बसतो, तो मिसळला नाही तर आकडा खोटाच कमी दिसतो. पुष्कळ लोक इथे घाई करतात आणि पाणी चांगलं आहे असं समजून बसतात.

मोठ्या टँकचं पाणी तपासलं तेव्हा मी हादरले. पाणी काचेसारखं नितळ होतं आणि नळी हिरवी झाली, अमोनिया ०.५ पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग). नायट्राइटही जांभळट. म्हणजे फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू कामच करून राहिले नव्हते. अशा पाण्यात कल्ले आणि कातडी भाजते, आणि उघड्या जखमेवर कापसासारखी बुरशी धरायला वेळ लागत नाही. डोळ्याला हे काहीच दिसत नाही. टबात तर फिल्टरच नव्हता, त्यामुळे सकाळी बदललेल्या पाण्यात संध्याकाळी हिरवी छटा यायची. ती पाहिल्यावर मी दिवसातून दोनदा पाणी बदलायला लागले. रोज एकदा बदला, असं सगळीकडे सांगतात, पण आमच्या टबाला आणि त्या उन्हाळ्याला ते पुरलं नाही, हे मला नळीनेच सांगितलं.

आणि उन्हाळा नागपूरचा! ॲक्सोलोटलचं मूळ घर म्हणजे मेक्सिको सिटीतले सोचिमिल्कोचे कालवे, समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच. तिथेही आता तो नामशेष होण्याच्या काठावर आहे. त्याला १६ ते १८ अंश मानवतं, २४ च्या वर गेलं की तो आजारी पडायला लागतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो आणि गच्चीवरच्या टाकीतून दुपारी कढत पाणी येतं. इथे किटच्या आकड्याचा अर्थ नीट समजून घ्या. ही चाचणी एकूण अमोनिया दाखवते. त्यातला विषारी भाग किती, हे पीएच आणि तापमानावर ठरतं. आमच्या नळाचं पाणी हाय रेंजच्या तक्त्यावर ८ च्या आसपास येतं. या पीएचला १८ अंशात एकूण अमोनियाचा साधारण ३ टक्क्यांच्या वर भाग विषारी रूपात असतो, ३० अंशात तोच ७ टक्क्यांच्या पुढे जातो. म्हणजे नळीतला रंग तोच, आणि जनावराला होणारा त्रास दुपटीहून जास्त. त्यामुळे थर्मामीटरशिवाय हे किट अर्धवट आहे.

थंडाव्यासाठी मी काय केलं तेही लिहून ठेवते. पाणी पहाटे भरायचं, क्लोरीन काढायचं, खोलीत एसी. टबावरून छोटा पंखा सोडला की पाणी उडून जाताना थंड होतं, आपल्या कूलरसारखंच. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत तो चांगला चालतो, पावसाळ्यात दमट झालं की उपयोग उरत नाही. बर्फ थेट पाण्यात टाकू नका. बंद बाटलीत गोठवून तरंगत ठेवा आणि तापमान एकदम खाली जाणार नाही हे पाहा.

क्लोरीन काढायला मी सीकेम कंपनीचं प्राइम हे द्रावण वापरते, २०० लिटरला ५ मिली. ते अमोनियालाही निरुपद्रवी करतं, असं कंपनी सांगते. ते टाकलेलं असताना अमोनियाची नळी हिरवी झाली तर गोंधळू नका, एकूण अमोनिया मोजणारी चाचणी तो दाखवणारच. मी हिरवं दिसलं की पाणी बदलते, वाद घालत नाही.

मर्यादाही सांगायला हव्यात. शून्य आणि ०.२५ मधला फरक पिवळ्या बल्बखाली कळत नाही, खिडकीशी दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदासमोर नळी धरा. बदामाच्या पानाने पाणी पिवळसर होतं, तेव्हा हा फरक आणखीच पुसट होतो. अशा वेळी थेंब न टाकलेल्या त्याच पाण्याची एक नळी शेजारी धरली की बरं जमतं. पाण्याचा जडपणा यात मोजता येत नाही, त्याचं किट वेगळं घ्यावं लागतं. नळ्या वापरल्यावर लगेच धुवा, आणि हलवताना तोंडावर बोट धरू नका, झाकणच लावा. डबा लेकरांच्या हाती लागू देऊ नका.

स्वस्तातल्या कागदी पट्ट्या आमच्या घरी आधीपासून होत्या. त्यांच्यावर नायट्राइट, नायट्रेट, पीएच सगळं होतं, अमोनियाचा चौकोनच नव्हता. घेताना पाकीट उलटून वाचा. किट महाग वाटतं खरं, पण कंपनी डब्यावर ८०० हून जास्त चाचण्या सांगते. बर्फीच्या आजारपणात एवढं वापरूनही बाटल्यांत अजून भरपूर आहे.

बर्फीने सुरुवातीला खाणं सोडलं होतं. गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं ती तोंडात घेऊन थुंकायची, ती जात कडवट असते. मग ओळखीच्यांच्या शेतातून, जिथे फवारणी नाही तिथून, साधी गांडुळं आणली, धुऊन बारीक तुकडे करून दिली, आणि ती खायला लागली. त्या दिवशी मी पुण्याला फोन लावून लेकीला ओरडूनच सांगितलं. काही आठवड्यांनी जखमेचं टोक गोल झालं, मग एक फिकट कोंब, मग त्यावर बारीक उंचवटे. पुढच्या पायाला चार बोटं असतात. चारही आली, व्रणसुद्धा नाही.

रक्त थांबत नसेल, बुरशी पसरत असेल किंवा जनावर उलटं तरंगत असेल तर किटवर विसंबू नका. सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. निघण्याआधी फोन करून उभयचर पाहतात का ते विचारा, कारण कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर ते पाहत नाहीत. आणि ॲक्सोलोटल साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात येतो, त्यामुळे केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर त्याची नोंदणी करावी लागते. ती राहिली असेल तर करून घ्या.

किट घेताना बाटल्यांवरची तारीख पाहा आणि डबा उन्हात किंवा ओट्याजवळ ठेवू नका. आमचा फ्रीजशेजारच्या कपाटात असतो. सावजीच्या टँकचं पाणी आता दर रविवारी तपासते, बर्फीचं एक दिवसाआड.