शब्दांची कार्डं की गोष्टीतला मनचा शब्द?

चित्रांची कार्डं दाखवली की लेक ‘घुबड’, ‘कुऱ्हाड’ पटकन ओळखते. नुसती नावं शिकवायला ती चांगलीच. पण पर्वती चढताना मी गोष्टीत ‘गुबडुला’ नावाचा प्राणी रचला, तेव्हा चार वर्षांची ही पोर म्हणाली, ‘बाबा, गुबडुल्याला पाणी दे ना!’ प्रत्यय लागताना ‘गुबडुला’चं ‘गुबडुल्या’ होतं, हे सामान्यरूप तिला कुणी शिकवलं होतं? मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये ‘वग’ या रचलेल्या शब्दाने हेच दाखवलं: कधी न ऐकलेल्या शब्दाचंही मुलं अनेकवचन करतात. म्हणून माझा कल गोष्टीकडे. मात्र सोबत खरे शब्दही पेरायला हवेत. गुबडुल्याची पाठ मी ‘खडबडीत’ केली; उतरताना तिने दगडी पायरीवर हात फिरवला आणि म्हणाली, ‘ही पण खडबडीत!’