देगाचा घोडा आधी बघावा की बुगाटीचा बिबट्या?

मातीत हलता प्राणी घडवायचाय, पण आधी कुणाचं काम नीट बघावं हे ठरत नाही? इम्प्रेशनिस्ट, म्हणजे क्षणाचा ठसा टिपणाऱ्या, वळणाच्या ब्राँझ शिल्पांमध्ये दोन नावं हमखास निघतात: एदगार देगा (१८३४–१९१७) आणि रेम्ब्रांट बुगाटी (१८८४–१९१६). दुसरा म्हणजे मोटारवाल्या एत्तोरे बुगाटीचा धाकटा भाऊ. दोघांचं ओतकाम पॅरिसच्या एब्रार फाउंड्रीत झालं. साम्य जवळपास तिथंच संपतं.

देगाला घोड्याची चाल उकलायची होती. छायाचित्रकार मायब्रिजची धावत्या घोड्याची १८७८ची छायाचित्रं येईपर्यंत चित्रकार भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणून त्याला हवेत तरंगवत. प्रत्यक्षात चारही खूर जमिनीवरून सुटतात ते पाय पोटाखाली गोळा होतात तेव्हा. देगाने ही छायाचित्रं अभ्यासली आणि स्टुडिओत तारेच्या सांगाड्यावर मेण चढवत, आत चक्क बाटल्यांची बुचं कोंबत, तोल पुन्हा पुन्हा तपासला. दौड, दुडकी चाल, बुजून मागे सरणं, यांसाठी त्याच्याकडेच जावं. एक मेख मात्र आहे. त्याने हयातीत यातलं एकही ब्राँझमध्ये ओतलं नाही. आपण बघतो ती ब्राँझं त्याच्या मृत्यूनंतरची. त्याच्या बोटांची खरी खूण मेणात आहे, आणि ती मेणं बहुतेक वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहेत.

बुगाटी पिंजऱ्यासमोर बसायचा. आधी पॅरिसच्या जार्दँ दे प्लांत या बागेतल्या प्राणिसंग्रहालयात, मग अँटवर्पच्या प्राणिसंग्रहालयात. हातात प्लास्टिलिन (न वाळणारी, तेलकट मूर्तिकामाची माती), समोर जिवंत जनावर, आणि काम झपाझप, पुष्कळदा एकाच बैठकीत. त्याचे प्राणी फारसे धावत नाहीत. बिबट्या डोकं खाली घालून चालतो आणि सगळं वजन एका खांद्यावर उतरलेलं असतं. पुढचं पाऊल आपल्याला आपोआप दिसतं. अंगठ्याचे फराटे त्याने पुसलेले नाहीत. त्यांच्यावर उजेड अडखळतो आणि कातडी हलल्यासारखी वाटते. शिवाय तो हयात असतानाच ही शिल्पं ओतली गेली, म्हणून ब्राँझचा पृष्ठभागही त्याचाच मानता येतो.

मला विचाराल तर सुरुवात बुगाटीपासून करा. सांध्यांचं गणित देगाकडून नंतरही शिकता येतं, पण वजन कुठं पडलंय हे ओळखायला नजर आधी तयार व्हावी लागते. दारातली मांजर चालेल, गोठ्यातली म्हैस तर उत्तमच: ती बसायला लागली की आधी पुढचे गुडघे टेकते, आणि तेवढ्या वेळात माती दाबून होते. फक्त शर्यतीचा घोडाच करायचा असेल, तर सरळ देगा.