लेदर सीटवरचा स्प्रे पेंट काढून घेतला : मानेवाडा रिंग रोडच्या डिटेलिंगवाल्याचा अनुभव

धुळवडीला गाडीवर स्प्रे पेंट उडाला असेल आणि आतलं लेदरही त्यात सापडलं असेल तर हे पूर्ण वाचा आणि तोवर थिनरला हात लावू नका, नेलपॉलिश रिमूव्हरला तर अजिबातच नको. मी मानेवाडा रिंग रोडवरच्या एका छोट्या डिटेलिंगवाल्या (गाडीची आतून-बाहेरून बारकाईने साफसफाई आणि पॉलिश करणाऱ्या) दादांकडून हे काम करून घेतलं आणि इतकं मन लावून काम करणारा माणूस मला तरी नागपुरात पहिल्यांदाच भेटला, म्हणून एवढं सविस्तर लिहून राहिलो. दुकानाचं नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हटलं, ते आणि त्यांचा भाचा असे दोघंच आहेत आणि गर्दी झाली की कामात घाई होते असं त्यांचं म्हणणं.

गाडी स्कोडा सुपर्ब, सेकंड हँड घेतलेली, आतून बेज लेदर. आम्ही बाहेर निघायच्या तयारीत, काचा खाली, आणि सोसायटीतली पोरं हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती सिल्व्हर स्प्रेची बाटली घेऊन एकमेकांच्या मागे. ड्रायव्हर साइडचं दार, आरसा, काच, दाराचं आतलं पॅड, सीटची कड, आर्मरेस्ट, सगळीकडे सिल्व्हर. काही ठिकाणी नुसते ठिपके पण सीटच्या कडेला चांगला जाड पट्टा.

आधी घराजवळच्या एका वॉशिंग सेंटरला नेली, जवळ होतं म्हणून. तिथल्या पोराने काही विचारायच्या आत कापडावर थिनर ओतलं आणि आर्मरेस्टवर फिरवलं. सिल्व्हर निघालं पण कापडावर बेज पण आला. मी ओरडेपर्यंत आर्मरेस्टवर फिकट, खरखरीत चट्टा पडलेला. तिथून गाडी तशीच काढली.

मानेवाड्याच्या दादांनी तो चट्टा बोटाने चाचपून पाहिला आणि म्हणाले, "भाऊ, सीटचा रंग म्हणजे पण पेंटच हाय ना. पेंटवरचा पेंट काढायचा हाय आपल्याले, थिनरले थोडी समजते कोणता तुमचा आन् कोणता पोरांचा." ही गोष्ट मला आधी कोणी सांगितलीच नव्हती. गाडीतलं बहुतेक लेदर पिगमेंटेड असतं, म्हणजे कातड्यावर रंगाचा थर आणि त्यावर पॉलीयुरेथेनचा पारदर्शक टॉपकोट. आपण हात लावतो तो या टॉपकोटला, चामडं खाली असतं. बाटलीतला स्प्रे पेंट बऱ्याचदा ॲक्रिलिक लॅकर असतो, तो त्यातलं सॉल्व्हंट उडून वाळतो आणि म्हणूनच थिनर लावलं की परत विरघळतो. पण तेच थिनर सीटचा टॉपकोट आणि रंग दोन्ही सोलून काढतं, ॲसिटोन तर अजून लवकर, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये बहुतेक वेळा तेच असतं. यूट्यूबवर बघून करणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवा.

दादांनी काम सुरू करायच्या आधी अख्खी गाडी आतून बघितली. बसायचा भाग खरं लेदर आहे पण दाराचं पॅड आणि सीटची पाठ रेक्झिन आहे हे मला त्या दिवशी कळलं. बऱ्याच गाड्यांमध्ये असंच असतं म्हणे, जिथे अंग टेकतं तिथे लेदर आणि बाकी रेक्झिन. दोन्हीवर एकच औषध चालत नाही. रेक्झिनवर कडक सॉल्व्हंट गेलं की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं आणि ते पुढे कडक होऊन तडकतं. त्यामुळे दोन्हीची वेगवेगळी टेस्ट, ती पण सीटच्या खाली, जिथे कोणाची नजर जात नाही अशा जागी. कुठेही काम द्याल तर आधी हेच बघा, लपलेल्या जागी टेस्ट न करता सरळ सीटवर कापड ठेवणारा असेल तर गाडी परत घेऊन या.

मी स्टूल टाकून बराच वेळ बसून बघितलं. आधी लेदर क्लीनर आणि मऊ ब्रश, हलक्या हाताने, ठिपक्यांमधले जे नुसते वर बसले होते ते यातच सुटले. मग प्लास्टिकच्या पातळ पट्टीने जाड पट्ट्याची कड उचलून बघितली, जेवढा पापुद्र्यासारखा निघाला तेवढा काढला. आणि जो चिकटून राहिला त्याला कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये जेमतेम ओली करून, घासायचं नाही, काडी ठिपक्यावर नुसती फिरवत आणायची. रंग काडीवर आला की काडी फेकायची, नवीन घ्यायची, लगेच ओल्या मायक्रोफायबरने तेवढी जागा टिपायची. तीच काडी परत वापरली तर सिल्व्हर आजूबाजूला पसरतो, म्हणून भाचा शेजारी काड्यांचं खोकं धरून बसलेला. पट्ट्याच्या एका बाजूला काडीवर बेजचा अंश दिसला की तिथे थांबायचे. तिथे मी म्हटलं पण, अजून थोडं राहिलं आहे, तर म्हणाले राहू द्या, त्याच्यावर रंग चढवू, उगाच चामडं उघडं नाही पाडायचं. मला हेच सगळ्यात आवडलं. कुठे थांबायचं हे ज्याला कळतं त्याच्या हातात गाडी द्यावी.

बाहेरचं काम त्या मानाने सोपं. काचेवरचं ब्लेडने, पाणी मारून, आडवं धरून. दारावर क्ले बार, म्हणजे पेंटवर चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी. कंपनीच्या पेंटवरचा क्लिअर कोट, म्हणजे सगळ्यात वरचा पारदर्शक थर, भट्टीत पक्का झालेला असतो त्यामुळे तो लेदरच्या फिनिशपेक्षा बरंच सहन करतो, पण तोही ४०-५० मायक्रॉनच असतो, माणसाच्या केसापेक्षा पातळ, म्हणून घासायला लागायच्या आधी त्यांनी मीटर लावून थर मोजला. क्ले भरपूर लुब्रिकंट मारून फिरवला, मळला की घडी बदलायची, खाली पडला की सरळ फेकून द्यायचा कारण त्यात रेती बसते. शेवटी हलकं पॉलिश. घरी तपासायचं असेल तर हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी घालून दारावरून बोटं फिरवा, डोळ्याला न दिसणारा ओव्हरस्प्रे (पेंटचे उडालेले बारीक कण) पण लगेच खरखर लागतो. आरशाखालचं काळं प्लास्टिक मात्र पूर्ण निघालं नाही, त्यावर क्लिअर कोट नसतो आणि रंग त्याच्या दाण्यात जाऊन बसतो. जवळून पाहिलं तर करडी झाक दिसते. हे त्यांनी काम घ्यायच्या आधीच सांगितलं होतं.

आता आर्मरेस्ट. तिथे खरी कलाकारी. आधी तेलकटपणा काढला, बारीक पेपरने अगदी हलकं घासून खरखर सपाट केली, बारीक भेगांत फिलर भरला, मग रंग. आणि रंग कंपनीच्या रंगाच्या कोडवरून नाही बनवला. नागपूरचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि बंद गाडीत आत ६० च्याही वर, त्यात इतकी वर्षं राहिलेलं बेज कंपनीतून आलं तसं राहतच नाही. हेडरेस्टच्या खाली वेगळा, सीटवर वेगळा. त्यांनी आर्मरेस्टच्या शेजारच्या लेदरवरच थोडा थोडा रंग लावून, ड्रायरने वाळवून, बाहेर उजेडात दार उघडून बघितलं, कारण ओला रंग आणि वाळलेला रंग सारखा दिसत नाही. थोडा पिवळा टाक, थोडा काळा, परत बघ. जमल्यावर स्पंजने पातळ थर, दोन थरांच्या मधे ड्रायर, आणि वरून मॅट टॉपकोट. मॅट यासाठी की चकाकी आली की जोड लगेच ओळखू येतो. आज घरच्या कोणालाही विचारा चट्टा कुठे होता, दाखवता येणार नाही.

शिलाईचा दोरा मात्र थोडा सिल्व्हर राहिला आहे. दोऱ्याला टॉपकोट नसतो, रंग आत शोषला जातो. त्यांनी दोऱ्याला बेज लावून देऊ म्हटलं होतं, मीच नको म्हटलं.

खर्च सगळा मिळून १२ हजारांच्या आसपास आला, बाहेरचं पॉलिश धरून. नवीन लेदर चढवायचे मला जे भाव सांगितले होते त्याच्या पुढे हे काहीच नाही. सिरॅमिक कोटिंग (पेंटवर चढवायचा महागडा संरक्षक थर) करून घ्या असा आग्रह एकदाही केला नाही. उलट सीटला डॅशबोर्डचं पॉलिश लावू नका, सिलिकॉनने सीट निसरडी होते आणि धूळ चिकटते, महिन्यातून एकदा सौम्य क्लीनरने पुसून वॉटर-बेस्ड प्रोटेक्टंट लावलं तरी पुरे, असं सांगितलं. खोबरेल तेल, टूथपेस्ट, काचेचं क्लीनर, हे जे ग्रुपवर फिरत असतं त्यातलं काहीच नको.

तक्रार म्हणायची तर वेळ. गाडी सांगितल्यापेक्षा जास्त दिवस राहिली, आणि फोन कामात असले की उचलत नाहीत, भाचा संध्याकाळी परत फोन करतो. रोज गाडी लागत असेल तर दुसरी सोय करून मगच द्या. शेड एकच आहे, दोन गाड्यांच्या वर घेत नाहीत. रंग उडाला असेल तर त्याच दिवशी नेलेली बरी, मार्च-एप्रिलच्या उन्हात गाडी बाहेर तापत राहिली की पेंट अजून घट्ट बसतो, ताजा असेल तर निम्मं काम क्लीनरवरच होतं. आणि पावसाळ्यात लेदरला रंग चढवून घेणार असाल तर एक दिवस जास्त धरा, दमट हवेत टॉपकोट सुकायला वेळ लागतो आणि तो पूर्ण सुकल्याशिवाय ते गाडी देत नाहीत.