साठ तास द्यायचेच आहेत, तर कोणाला? ‘ड्रॅगन क्वेस्ट ११ एस’ की ‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २’

आठवड्यातून तीन-चार रात्री, जेवणं आटोपल्यावर तासभर. एवढाच वेळ मिळणाऱ्या माणसाने साठ तासांचा जपानी रोल-प्लेइंग गेम हाती घ्यावा का, असं मित्र विचारतात तेव्हा मी बेधडक हो म्हणतो. मग लगेच पुढचा प्रश्न येतो: कुठला घेऊ? माझ्याकडे दोन नावं तयार असतात, आणि दोन्ही गेम स्क्वेअर एनिक्स या जपानी कंपनीचेच. दोघांचं वळण जुनं आहे. आळीपाळीने वार करायचे, गावात शिरलं की दारोदार बोलत फिरायचं, तलवार-ढाल बदलायची आणि पुढच्या गावाची वाट धरायची. इतकं साम्य असूनही खेळताना दोघांची चाल अगदी निराळी लागते.

‘ड्रॅगन क्वेस्ट’चा पहिला भाग १९८६ सालचा. युजी होरी यांची रचना, अकिरा तोरियामा यांची चित्रं आणि कोइची सुगियामा यांचं संगीत, हे त्रिकूट तेव्हापासूनचं. जपानमध्ये २०१७ साली आलेला अकरावा भाग हा या तिघांच्या हयातीत बाहेर पडलेला शेवटचा मुख्य भाग ठरला. सुगियामा २०२१ मध्ये गेले, तोरियामा २०२४ मध्ये. आज घ्यायचा तर २०१९ ची ‘एस’ आवृत्तीच घ्या. तिच्यात संगीत खऱ्या वाद्यवृंदाचं आहे आणि अख्खा गेम सुपर फॅमिकॉम या नव्वदच्या दशकातल्या गेमयंत्राच्या काळातल्यासारख्या द्विमितीय चित्रांतही खेळता येतो. फक्त एक लक्षात ठेवा: मध्येच त्रिमितीतून द्विमितीत गेलात तर त्या प्रकरणाच्या सुरुवातीला जावं लागतं. लेव्हल आणि सामान राहतं, कथा मात्र परत चालावी लागते. त्यामुळे काय ते आधीच ठरवा. पहिल्यांदा खेळणाऱ्याने त्रिमितीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे.

या गेमला एवढी लांबी का हवी, ते सुरुवातीच्या काही तासांतल्या एका प्रसंगात कळतं. नायक आपल्या गावी परततो तेव्हा गाव उद्ध्वस्त झालेलं असतं. झाडाच्या एका मुळाला हात लावताच तो भूतकाळात पोचतो. तेच गाव, पण नांदतं. तिथे त्याला वाढवणारे, आता हयात नसलेले आजोबा भेटतात. समोर उभा असलेला तरुण आपलाच नातू आहे, यावर ते विश्वास ठेवतात आणि धबधब्याजवळच्या तिकोनी दगडाची खूण सांगतात. वर्तमानात येऊन तिथे खणलं की पत्रं मिळतात. दोन तासांपूर्वी त्याच गावातून तुम्ही उड्या मारत बाहेर पडलेले असता, म्हणून ती पत्रं मनाला लागतात. पुढे साऱ्या जगाच्या बाबतीत हेच घडतं. ओळखीची झालेली गावं, ओळखीची माणसं वेगळ्या दिवसांत पुन्हा भेटतात. वीस तासांच्या गेमला हे साधणार नाही.

आणि श्रेयनामावली सरकली म्हणून गेम संपला असं समजून उठू नका. खरा शेवट त्यानंतर आहे.

‘ऑक्टोपाथ ट्रॅव्हलर २’ फेब्रुवारी २०२३ चा. इथे नायक एक नाही, आठ आहेत, आणि प्रत्येकाची कथा स्वतंत्र. बायको-मुलीच्या खुनाचा खोटा आळ येऊन बर्फाळ बेटावरच्या तुरुंगात पडलेला विद्वान ऑस्वाल्ड, स्मृती गेलेली वैदू कास्ती, गळ्यातला पट्टा काढून मोकळं होऊ पाहणारी चोर थ्रोने. एका बटणासरशी दिवसाची रात्र होते आणि चालू असलेली धूनही न तुटता रात्रीच्या सुरावटीत वळते. दिवसा कास्ती लोकांची विचारपूस करते. रात्री दार अडवून उभ्या असलेल्याला औषधाने झोपवते. त्या विचारपुशीत रस्त्यावरच्या कुणाही माणसाची चार ओळींची जीवनकथा वाचायला मिळते. मी त्या वाचत कित्येक रात्री काढल्या आहेत.

लढाईत मात्र ‘ऑक्टोपाथ’ निर्विवाद सरस. प्रत्येक शत्रूखाली ढालीचा आकडा असतो. त्याला जे शस्त्र किंवा जी जादू लागू पडते तिने मारलं की आकडा एकेकाने उतरतो. शून्यावर आला की शत्रू कोलमडतो, त्याची पाळी जाते आणि घाव जास्त बसतात. तुमच्याकडे दर पाळीला एक गुण साठतो, पाचापर्यंत. वाराचा जोर वाढवायला एका वेळी तीन खर्च करता येतात. बॉसची, म्हणजे बड्या शत्रूची, ढाल एकावर आलेली, सगळ्यांचे गुण साठवलेले, आणि आता फोडायचं की एक पाळी थांबायचं? हा हिशेब शेवटपर्यंत शिळा होत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये साध्या लढाया साथीदारांवर सोपवून चहा घेता येतो. थकून आलेल्या माणसाला तेही सुख आहे, पण डोकं लढवायचं असेल तर सुरुवातीलाच बलवान राक्षसांचा पर्याय लावा.

उणिवाही सांगतो. ‘ऑक्टोपाथ’मध्ये एकाच्या कथेत बाकीचे सात जण जवळजवळ गप्प असतात. दोघादोघांची जोडप्रकरणं आहेत, तरी सोबतीची ऊब ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या रात्रीच्या शेकोटीभोवती जास्त. तिथला सिल्व्हांडो तर माझा सगळ्यात लाडका साथीदार. उलट ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये माळरानाची तीच धून चाळीस तास ऐकावी लागते, आणि या गेमची इंग्रजीही अवघड: एका गावचे लोक हायकूत बोलतात, दुसरीकडे यमकात, तिसरीकडे गावरान बोलीत. इंग्रजी झरझर वाचायची सवय नसेल तर ‘ऑक्टोपाथ’ सोपा जाईल.

खंड पडणार असेल, म्हणजे परीक्षा, शिफ्ट, घरचं कार्य, तर? ‘ड्रॅगन क्वेस्ट’ सेव्ह उघडताना आतापर्यंतची कथा थोडक्यात सांगतो, त्यामुळे महिन्याने परतलात तरी धागा सापडतो. ‘ऑक्टोपाथ’ची प्रकरणं तास-दीड तासाची, एका बैठकीत संपणारी, पण महिनाभराने आठ धाग्यांतला कुठला कुठे सोडला होता, ते आठवायला जड जातं.

म्हणून या प्रकारातला पहिलाच गेम असेल तर मी ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हातात देतो. आधी असे दोन-तीन गेम झाले असतील आणि लढाई हीच आवड असेल, तर ‘ऑक्टोपाथ’. दोन्हींचे डेमो फुकट आहेत. ‘ऑक्टोपाथ’चा तीन तासांचा, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा जवळपास दहा तासांचा, आणि डेमोतला सेव्ह पूर्ण गेममध्ये पुढे चालतो. तिकोनी दगडापर्यंतचा प्रवास त्या दहा तासांत आरामात होतो. तिथवर खेळा आणि मग ठरवा.