डार्थ व्हेडरचा मुखवटा: थ्रीडी प्रिंट की फायबरग्लास?

‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ व्हेडर याच्या मुखवट्याचा एकच नग हवा असेल तर प्रिंट. पीएलए या प्रिंटिंगच्या प्लास्टिकचे तुकडे जोडून फिलर प्रायमर (खाचा भरणारा अस्तराचा रंग) मारायचा, 120 पासून 400 नंबरपर्यंत पॉलिशपेपर घासायचा. चकचकीत काळ्या रंगाखाली प्रिंटच्या थरांची एक रेघ राहिली तरी दिसते, म्हणून वेळ इथेच जातो. पीएलए साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं. उन्हातल्या बंद गाडीत मुखवटा वाकडा झालाच म्हणून समजा.

फायबरग्लासला आधी सिलिकॉनचा साचा लागतो. त्यात जेलकोट (रेझिनचा गुळगुळीत बाहेरचा थर), मग रेझिनमध्ये भिजवलेल्या काचतंतूंच्या मॅटचे दोन-तीन थर. किलोभर पॉलिएस्टर रेझिनला साधारण 15 मिली हार्डनर. जास्त झालं की तापून तडकतं, कमी झालं की चिकट राहतं. नाकाच्या कोपऱ्यात हवा अडकते, ती ब्रशने ठोकून काढा. वाफेसाठी फिल्टर कार्ट्रिजचा मास्क हवाच.

हुबेहूबपणा मात्र साधनात नाही. मूळ मुखवट्याचा चेहरा डाव्या-उजव्या बाजूंनी सारखा नव्हता; सॉफ्टवेअरमध्ये अर्धा भाग आरशासारखा उलटवला की हुबेहूबपणा गेला. 1977 च्या चित्रपटातला मुखवटा काळा आणि गनमेटल (धातूसारखा गडद राखाडी), असा दुरंगी आहे.

किमतीत साच्याचा खर्च नगांवर वाटला जातो, घासण्याचे तास मात्र प्रत्येक प्रिंटवर पुन्हा लागतात. ते बिलात धरायला बरेच जण विसरतात.