मोरपिशी का हळदी? रंगाच्या दुकानाचा अनुभव

दिवाळीआधी आईच्या खोलीला कलर द्यायचा होता. खोली दहा बाय बारा, खिडकी उत्तरेला, म्हणजे थेट ऊन येतच नाही. आईला हळदी हवा, मला मोरपिशी, आठवडाभर दोघी नुसत्या शेडकार्ड घेऊन बसलो आणि शेवटी कोथरूडमधल्या जवळच्या पेंटच्या दुकानात गेलो.

तिथल्या काकांनी आधी विचारलं खिडकी कुठल्या दिशेला, रात्री दिवे पांढरे का पिवळे. मग म्हणाले, ताई कार्डवरून ठरवू नका, दोन्हीचे २०० मिलीचे सॅम्पल डबे न्या, भिंतीवर नका लावू जुना कलर खालून मारतो, पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या कारण ओला आणि वाळलेला कलर वेगळा दिसतो, आणि मग शीट खोलीभर फिरवून बघा. मशीनवर लगेच मिक्स करून दिले.

मोरपिशी कार्डवर काय सुंदर दिसत होता! पण उत्तरेचा उजेड मुळातच निळसर, चारनंतर शीट पार काळपट दिसायला लागली, आईच्या सागवानी कपाटाशेजारी धरली तर कपाट कुठे संपतं आणि भिंत कुठे सुरू होते तेच कळेना. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, रात्री ती चाचपडत बाथरूमला जाते, त्यामुळे तिथेच माझा हट्ट संपला. हळदी त्याच कोपऱ्यात छान उबदार वाटत होता. फक्त आमच्या ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचा आकडा, कमी तितका पिवळा) पांढऱ्या ट्यूबखाली थोडी हिरवट झाक मारत होता, काकांनी ३००० चा वॉर्म बल्ब लावून बघायला सांगितलं आणि खरंच झाक गेली.

अजून एक आवडलं, गडद पिवळ्याचं कव्हरेज कमी असतं म्हणजे खालचा रंग नीट झाकला जात नाही, खाली पांढरा प्रायमर घ्या आणि दोनऐवजी तीन कोट धरा, हे त्यांनी आधीच सांगितलं. पेंटरने आम्हाला दोनच कोटांचा हिशोब दिला होता, नंतर वाद झाला असता.

डिलिव्हरी मात्र सांगितल्यापेक्षा एक दिवस उशिरा आली, पेंटर दिवसभर बसून राहिला आणि त्याची रोजी आम्हालाच द्यावी लागली, हे अजिबात पटलं नाही. शिवाय मिक्स केलेला डबा परत घेत नाहीत, तेव्हा भिंती नीट मोजूनच ऑर्डर द्या. जाणार असाल तर केल्विनचा आकडा दिसेल असा घरातल्या बल्बच्या खोक्याचा फोटो काढून न्या आणि शनिवार संध्याकाळ टाळा, फार गर्दी असते.